अंधारातली डोंगरवाट आणि सायकलचा दिवा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात स्ट्रॅथपेफर नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावाच्या परिसरात, ऐन जानेवारीत, डोंगरी सायकलींची एक स्पर्धा भरत आली आहे. तिचे नाव स्ट्रॅथपफर. नियम अगदी सोपा आहे. रानातली एक ठरावीक वाट, आणि चोवीस तासांची मुदत. तेवढ्यात जो सर्वांत जास्त फेऱ्या मारील तो जिंकला. कोणी एकट्याने सायकल मारतो, कोणी चौघे मिळून आळीपाळीने मारतात.

आता नकाशा काढून पाहा. हे गाव सुमारे साडेसत्तावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीच्या मध्यास पुण्यात दिवस अकरा तासांच्या थोडा वर असतो, तर तेथे तो जेमतेम सव्वासात तासांचा. म्हणजे चोवीस तासांच्या या स्पर्धेतले जवळजवळ सतरा तास अंधारातच काढायचे. वाटेत चिखल, ओले दगड, झाडांची उघडी पडलेली मुळे, आणि थंडी कडक असेल तर गोठलेले पाणीही. अशा ठिकाणी स्वाराच्या पायांत कितीही बळ असले, तरी तो किती वेगाने जाऊ शकेल हे त्याचा दिवा ठरवतो.

मग दिवा कोणता निवडावा? दुकानात गेलात तर खोक्यांवर मोठमोठे आकडे छापलेले दिसतील. एकावर ८०० लुमेन, दुसऱ्यावर १,५०० लुमेन, तिसऱ्यावर त्याहून जास्त. जो आकडा मोठा तो दिवा चांगला, असे कोणालाही वाटेल. पण हा आकडा निम्मीच गोष्ट सांगतो. उरलेली निम्मी आपण नववी-दहावीच्या भौतिकीतून काढू शकतो.

थांबायला किती अंतर लागते?

सुरुवात दिव्यापासून न करता ब्रेकपासून करू. दगड दिसला, की मेंदूने तो ओळखून हाताला हुकूम देईपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. दमलेल्या स्वाराला त्याहून जास्तही लागतो. तेवढ्या वेळात सायकल पूर्वीच्याच वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागतात. मातीच्या वाटेवर ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला वेग ३ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असे समजू. वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच.

ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. पहिल्या सेकंदात ५ मीटर गेले, आणि ब्रेक लागल्यावर २५ भागिले ६, म्हणजे सुमारे ४ मीटर. एकूण ९ मीटर. आता वेग दुप्पट करा, ताशी ३६ किलोमीटर. उतारावर डोंगरी सायकल हा वेग सहज गाठते. पहिल्या सेकंदात १० मीटर, आणि पुढे १०० भागिले ६, म्हणजे जवळजवळ १७ मीटर. एकूण २७ मीटर. वेग दुप्पट झाला, पण लागणारे अंतर तिप्पट झाले. शिवाय उतार असला तर गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध ओढते. दहा मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर मंदन ३ ऐवजी सुमारे २ उरते आणि तेच अंतर ३५ मीटर होते.

म्हणून दिव्याला विचारण्याचा पहिला प्रश्न असा: पस्तीस मीटरवरचा दगड तू मला दाखवशील का? दिव्याच्या पल्ल्यापेक्षा थांबण्याचे अंतर जास्त झाले, की स्वार न दिसणाऱ्या वाटेवर धावत असतो. दगड दिसतो खरा, पण त्याला चुकवण्याची वेळ निघून गेल्यावर.

लुमेन, कँडेला आणि लक्स

दिव्यातून सर्व दिशांना मिळून जेवढा प्रकाश बाहेर पडतो, तो लुमेनमध्ये मोजतात. एखाद्या विशिष्ट दिशेला तो किती एकवटला आहे, हे कँडेला सांगतो. आणि समोरच्या वस्तूवर दर चौरस मीटरला किती प्रकाश पडला, हे लक्समध्ये मोजतात. बागेतल्या पाण्याच्या नळीवरून हे लक्षात येईल. नळीतून मिनिटाला किती पाणी येते ते लुमेन. तोंडावर बोट दाबून धार बारीक केली की पाणी तेवढेच राहते, पण धार लांब जाते. ही धारेची ताकद म्हणजे कँडेला.

समजा, १,००० लुमेनचा दिवा आहे, आणि त्याचा सर्व प्रकाश एका शंकूत सारखा पसरला आहे. शंकूची कड मध्यरेषेपासून २० अंशांवर असेल, तर हिशेब केल्यावर तीव्रता सुमारे २,६०० कँडेला येते. परावर्तक किंवा भिंग बदलून हाच कोन १० अंश केला, तर तीच तीव्रता सुमारे १०,५०० कँडेला होते. लुमेन एकही वाढला नाही, पण समोरचा प्रकाश चौपट झाला.

अंतर वाढले की प्रकाश व्यस्त वर्गाच्या नियमाने घटतो. कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागले की लक्स मिळतात. ३० मीटरचा वर्ग ९००. म्हणजे रुंद शंकूच्या दिव्याने ३० मीटरवरच्या दगडावर जेमतेम ३ लक्स प्रकाश पडेल, आणि अरुंद शंकूच्या दिव्याने सुमारे साडेअकरा.

वेगाचा हिशेब आता पुन्हा पाहा. ताशी १८ किलोमीटरला ९ मीटर दिसले तरी पुरते, ताशी ३६ ला २७ मीटर दिसायला हवे. अंतर तिप्पट, म्हणून दगडावर तेवढाच प्रकाश पडण्यासाठी तीव्रता नऊपट लागते. वेग दुप्पट करायचा तर दिवा नऊपट प्रखर! डोंगरी सायकलस्वार एवढे मोठे दिवे का बाळगतात, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

येथे एक बारकावा शिक्षकांनी वर्गात अवश्य काढावा. वर्गाचा नियम समोर उभ्या असलेल्या दगडाला लागू पडतो. सपाट जमिनीवर तर प्रकाश तिरपा पडतो, आणि जितके लांब जावे तितका अधिकच तिरपा. त्यामुळे लांबच्या जमिनीवरचा प्रकाश अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केले तर उभ्या दगडावर एकचतुर्थांश, पण जमिनीवर एकअष्टमांश. वाटेवरचा दगड चमकतो, पण त्याच्या शेजारचा खड्डा मात्र दिसत नाही, असे होते ते याचमुळे.

खोक्यावरचे ‘२०० मीटर’

काही खोक्यांवर पल्लाही छापलेला असतो: २०० मीटर. हा आकडा खोटा नसतो, पण त्याचा अर्थ वेगळा असतो. हातातल्या आणि डोक्यावरच्या टॉर्चसाठी अमेरिकेत २००९ साली एक मानक ठरले. त्यानुसार जेथे प्रकाश पाव लक्सइतका उरतो, तेथवर दिव्याचा पल्ला धरतात. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा प्रकाश. १०,००० कँडेलाचा दिवा या हिशेबाने बरोबर २०० मीटरचा ठरतो. चांदण्यात माळरानावरून चालता येते हे खरे, पण ताशी ३६ किलोमीटरने दगडांतून सायकल हाकता येईल का? त्याच दिव्याने ३० मीटरवर सुमारे ११ लक्स मिळतात. आपल्या कामाचा आकडा तो.

याच मानकात ‘दिवा किती तास चालतो’ हे मोजताना प्रकाश मूळच्या एकदशांश होईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे खोक्यावर चार तास लिहिले असले, तरी चौथ्या तासाला हाती किती उजेड असेल हे त्यावरून कळत नाही. असा आकडा वाचताना दुकानदाराला एवढेच विचारावे, की पूर्ण उजेड किती वेळ टिकतो.

जवळचा झगमगाट

इतका वेळ आपण दिव्याचाच विचार केला. पण पाहतो तो डोळा, आणि त्याची तऱ्हा निराळी आहे. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि प्रखर उजेड पडला की हा सराव क्षणात मोडतो. बाहुली लहानमोठी होते तीही समोरच्या एकंदर उजेडाप्रमाणे.

आता दिवा खाली झुकवून लावला, तर काय होते? चाकापुढच्या दोन मीटरवर लख्ख उजेड पडतो. तीस मीटरच्या तुलनेत तेथील उभ्या वस्तूवरचा प्रकाश १५ गुणिले १५, म्हणजे सव्वादोनशेपट असतो. डोळा त्या झगमगाटाशी जुळवून घेतो आणि लांबचा मंद भाग त्याला काळाच दिसतो. गंमत अशी, की स्वाराला मात्र आपला दिवा फार चांगला आहे असे वाटते, कारण समोर चकचकीत पांढरे वर्तुळ दिसत असते! म्हणून दिव्याचा झोत मध्यभागी तीव्र आणि कडेला हळूहळू मंद होत जाणारा हवा, आणि तो तीव्र भाग लांबवर रोखलेला हवा.

जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलींसाठी याबाबत कायदेशीर नियम आहेत. पुढच्या दिव्याने १० मीटरवर निदान १० लक्स प्रकाश द्यावा, आणि झोताची वरची बाजू कापल्यासारखी असावी, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत. रस्त्यासाठी हे उत्तमच आहे. पण रानातल्या वाटेवर नेमक्या वरच्या अंधारातून झाडाची फांदी कपाळावर येते. म्हणून डोंगरी सायकलला गोल झोत लागतो. तोच दिवा रस्त्यावर आल्यावर मंद करून खाली वळवावा लागतो, हे ओघानेच आले.

दिवा हँडलवर की डोक्यावर?

डोंगरी सायकलस्वारांत हा मोठा वादाचा विषय. सुदैवाने तो भूमितीने सुटतो.

वाटेवर १० मीटरवर १० सेंटिमीटर उंचीचा दगड आहे असे समजू. हँडलवरचा दिवा जमिनीपासून १ मीटर उंच, स्वाराचे डोळे दीड मीटरवर, आणि हेल्मेटवर लावलेला दिवा १ मीटर ६५ सेंटिमीटरवर. समरूप त्रिकोणांवरून दगडामागे सावली किती लांब पडेल ते काढा. हँडलच्या दिव्याने ती १११ सेंटिमीटर पडते. हेल्मेटच्या दिव्याने सुमारे ६५ सेंटिमीटर. पण डोळ्यालाही दगडामागची काही जमीन झाकलेली असते. ती सुमारे ७१ सेंटिमीटर.

या तीन आकड्यांत सगळे आले. हेल्मेटच्या दिव्याची सावली ६५ सेंटिमीटरची, आणि दगडाने झाकलेला भाग ७१ चा. म्हणजे सावली पूर्णपणे दगडाआड लपते, डोळ्याला ती दिसतच नाही. दगड आणि माती एकाच पातळीवर असल्यासारखी सपाट वाटतात. हँडलच्या दिव्याची मात्र ४० सेंटिमीटर सावली दगडामागे उघडी दिसते. त्या काळ्या पट्ट्यामुळेच हा उंचवटा आहे हे मेंदूला चटकन कळते.

मग हेल्मेटचा दिवा नकोच का? तसेही नाही. हँडलचा दिवा हँडल वळेल तिकडेच पाहतो. वळणावर स्वाराची नजर आधी वळते, हँडल मागाहून. तेवढ्या वेळात वळणापलीकडचा भाग अंधारात असतो. हेल्मेटचा दिवा मात्र नजरेबरोबर वळतो. म्हणून अनुभवी स्वार दोन्ही लावतात. हँडलवर रुंद झोताचा आणि जास्त लुमेनचा, हेल्मेटवर हलका आणि अरुंद झोताचा. हेल्मेटचा दिवा फार प्रखर असला तर हँडलच्या दिव्याने पाडलेल्या सावल्या तो पुसून टाकतो, एवढे ध्यानात ठेवावे.

धुके असले तर गोष्ट बदलते. धुक्याच्या थेंबांवरून प्रकाश उलट फिरतो, आणि डोळ्याजवळचा दिवा तो थेट डोळ्यांकडेच परत पाठवतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी हेल्मेटचा दिवा विझवावा आणि खालच्या दिव्यावर जावे. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो असे पुष्कळांना वाटते. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फार मोठे असतात, त्यामुळे ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. धुके पांढरे दिसते ते त्यामुळेच.

दोन दिवे लावण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. ताशी ३६ किलोमीटरने उतरताना एकुलता एक दिवा विझला तर? थांबायला २७ मीटर लागतात हे आपण काढलेच. ते सर्वच्या सर्व ठार अंधारात जायचे, आणि दंडपेशींना सरावायला वीस मिनिटे हवीत! म्हणून दोन दिव्यांना दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या असाव्यात. एकाच बॅटरीवर चालणारे दोन दिवे या कामी एकच समजावेत.

वीज कोठून आणायची?

चाकाच्या टायरला घासून फिरणारा डायनॅमो तुमच्या आजोबांच्या सायकलला असेल. त्याची वीज फुकट, पण चाक फिरेल तेवढीच. डोंगर चढताना सायकल रखडू लागली की दिवा मिणमिणतो आणि थांबली की विझतो. साधारण ३ वॉटच्या या जनित्राने रस्ता निभावतो, रानातला उतार निभावत नाही.

डोंगरी सायकलींची पहिली गाजलेली उतार-शर्यत कॅलिफोर्नियात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली, ती दिवसाउजेडी. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कनान येथे १९९२ साली चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, तेव्हा रात्रीच्या दिव्याचा प्रश्न खरा ऐरणीवर आला. त्या काळी तारेचा हॅलोजन दिवा हाच मुख्य आधार. त्याला एका वॉटमागे सुमारे १५ लुमेन मिळत. १,००० लुमेन हवे असते तर ६७ वॉट लागले असते, आणि सतरा तासांना सुमारे १,१३० वॉट-तास. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा किलोला सुमारे ३३ वॉट-तास हा हिशेब धरला, तर बॅटरीच ३४ किलोची! साहजिकच कोणी इतका उजेड मागत नसे. दोनतीनशे लुमेनवर भागवत आणि उतारावर ब्रेक दाबून चालत.

चित्र पालटले ते प्रकाश-उत्सर्जक डायोडमुळे, म्हणजेच एल. ई. डी.मुळे. लाल प्रकाशाचा डायोड १९६२ मध्येच तयार झाला होता, पण पांढऱ्या प्रकाशासाठी निळा हवा होता, आणि तो अनेक वर्षे कोणाला नीट साधेना. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकापासून तो बनवणारे आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की दोन्ही मिळून पांढरा प्रकाश दिसतो. आजच्या सायकलच्या दिव्यांत वॉटमागे सुमारे १०० लुमेन मिळतात. १,००० लुमेनला १० वॉट, सतरा तासांना १७० वॉट-तास. सुमारे ११ वॉट-तासांचे लिथियम-आयन सेल सोळा लागतील आणि त्यांचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरेल. चौतीस किलोवरून पाऊण किलो!

तेही पूर्ण प्रकाश सतत लावला तर. चढावर वेग ताशी ६ किलोमीटर असतो, तेथे थांबायला दोन-सव्वादोन मीटर पुरतात. मग चढावर उजेड पाव करावा. सतरांपैकी अकरा तास चढाचे धरले, तर एकूण ऊर्जा ८८ वॉट-तासांवर येते आणि आठ सेलांतच काम होते. म्हणून हातमोजा न काढता दाबता येईल असे बटण, ही दिव्याची लहानशी वाटणारी सोय फार मोलाची आहे.

डायोडच्या १० वॉटपैकी सहा-सात वॉटची उष्णता होते, आणि डायोडला ती सोसत नाही. म्हणून दिव्याच्या पाठीला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. सायकल चालू असता वारा त्यांना थंड करतो. दुकानात टेबलावर लावून ठेवलेला चांगला दिवा काही मिनिटांत आपोआप मंद होतो, तो बिघडला म्हणून नव्हे, तर स्वतःला जपण्यासाठी. उलट बॅटरीला थंडी मानवत नाही. गोठणबिंदूखाली लिथियम-आयन सेलमधून कमी ऊर्जा मिळते. म्हणून कडक थंडीत काही स्वार हेल्मेटच्या दिव्याची बॅटरी लांब तारेने कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. शरीराच्या उबेचा हा चांगला उपयोग.

पाण्याबद्दल थोडक्यात. दिव्यावर ‘आयपीएक्स ४’ लिहिले असेल तर तो चहूकडून उडणारे शिंतोडे सोसतो. ‘आयपीएक्स ७’ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. आणि मागचा लाल दिवा विसरू नये. रानात तो मंद असावा, नाही तर पाठीमागच्या स्वाराची नजर त्यावरच खिळून राहते.

करून पाहा

सायकल नसली तरी यातला मुख्य प्रयोग शाळेच्या मैदानावर करता येईल. अंधार पडल्यावर, शिक्षकांबरोबर, सपाट जागी दहा-बारा पावलांवर मुठीएवढे चारपाच दगड मांडा. त्यांतल्या एकाच्या जागी, एका मित्राला गुपचूप, दगडाच्याच रंगाचा कागदाचा सपाट तुकडा ठेवायला सांगा. मग टॉर्च आधी कपाळावर, अगदी डोळ्यांना लागून धरा, आणि कागद कोणता ते सांगण्याचा प्रयत्न करा. नंतर टॉर्च कमरेशी धरून तेच करा. दोन्ही वेळा उत्तर द्यायला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून मोजा, आणि दहा जणांची सरासरी काढून वहीत लिहून ठेवा.